अभ्यास मंडळाच्या बैठकीआधी फाईल कशी वाचावी

नव्या विषयाचा प्रस्ताव अभ्यास मंडळापुढे आला की चर्चा बहुतेक वेळा घटकांच्या नावांभोवती फिरते. तिसऱ्या घटकात अमुक प्रकरण का नाही, पाचव्यातलं तमुक आता जुनं झालं, संदर्भग्रंथांत हे पुस्तक घाला. तासभर असा जातो, मग ‘सुधारणांसह मंजूर’ असं लिहून पुढचा विषय घेतला जातो. सभासद आपापल्या विषयातले जाणकार असतात, ते त्यावर बोलणारच. पण घटकाच्या आत काय आहे ते शिकवणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. दोन विषयांच्या मध्ये काय आहे, याला मात्र कुणी वाली नसतो. तिसऱ्या सत्राचा शिक्षक पहिल्या सत्रात अमुक झालंच असेल असं धरून चालतो. परीक्षा विभाग नियमावलीत जे लिहिलंय तेवढंच बघतो. जुन्या अभ्यासक्रमात अडकलेला विद्यार्थी तर कुणाच्याच यादीत नसतो. हे सांधे तपासणं हे मंडळाचं खरं काम आहे, आणि ते बैठकीच्या आधी, घरी, कागद-पेन्सिल घेऊन करावं लागतं.

नावं ठिकाणोठिकाणी बदलतात, पण उतरंड साधारण सारखीच असते. विभागातले शिक्षक प्रस्ताव तयार करतात, तो अभ्यास मंडळाकडे जातो, तिथून विद्याशाखेकडे, मग विद्या परिषदेकडे. पैसा, जागा किंवा नवी पदं लागणार असतील तर व्यवस्थापनाकडेही. प्रत्येक पायरीवर वेगळा प्रश्न विचारला जायला हवा. विभागाने विचारायचं: शिकवायला माणसं आहेत का, आणि एक जण रजेवर गेला तर दुसरा कोण? अभ्यास मंडळाने विचारायचं: पदवीच्या एकूण रचनेत हा विषय कुठे बसतो, कशावर उभा आहे आणि त्याच्यावर काय उभं राहणार आहे? विद्याशाखेने शेजारच्या विभागांवरचा परिणाम बघायचा आणि विद्या परिषदेने नियमांशी ताळा घालायचा. बिघडतं ते असं, की खालच्यांना वाटतं वरचे तपासतील आणि वरच्यांना वाटतं खालून तपासूनच आलंय. चार सह्या होतात आणि वाचलेलं एकानेही नसतं.

अमेरिकेत १९६६ साली प्राध्यापकांची संघटना, उच्चशिक्षण संस्थांची परिषद आणि नियामक मंडळांची संघटना यांनी मिळून विद्यापीठाच्या कारभाराविषयी एक निवेदन तयार केलं. अभ्यासक्रम, विषयाचा आशय आणि अध्यापनाच्या पद्धती यांची प्राथमिक जबाबदारी प्राध्यापकवर्गाची, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. अधिकार म्हणून हे वाक्य वारंवार सांगितलं जातं. मला त्यातला ‘जबाबदारी’ हा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो. प्राध्यापकांनी फाईल वाचली नाही, तर निर्णय कार्यालयातला कुणीतरी सोयीप्रमाणे घेतो.

तासांचा हिशेब आधी करा

फाईल उघडल्यावर आशयाकडे वळू नका. आधी तास मोजा. उदाहरणादाखल चार क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं एकक) संख्याशास्त्राचा विषय घेऊ: तीन क्रेडिट तात्त्विक, एक क्रेडिट प्रात्यक्षिक, सत्र १५ आठवड्यांचं. तात्त्विकाचे आठवड्याला ३ तास, म्हणजे एकूण ४५. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला आठवड्याला २ तास, म्हणजे ३०. प्रस्तावात पाच घटक आहेत आणि प्रत्येकासमोर ९ तास लिहिलेत. पाच नव्वे पंचेचाळीस. कागदावर हिशेब चोख जुळतो, आणि शंका तिथेच यायला हवी.

१५ आठवड्यांतला एक आठवडा सत्रमध्य चाचणीत जातो. सुट्ट्या, प्रवेश लांबल्याने उशिरा सुरू झालेले वर्ग, इतर कार्यक्रम यांत आणखी एक गेला असं धरा. उरले १३ आठवडे, म्हणजे ३९ तास. सहा तास कमी पडले. ते कमी कुठून होतात? शेवटून. म्हणजे पाचव्या घटकाचे नऊपैकी तीनच तास उरतात. संख्याशास्त्रात पाचवा घटक बहुधा परिकल्पना चाचणी (हायपोथिसिस टेस्टिंग) किंवा समाश्रयणाचा (रिग्रेशन) असतो, आणि पुढच्या सत्रातला विषय नेमका त्यावरच उभा असतो. आता प्रश्नपत्रिकेचा आराखडा बघा. प्रत्येक घटकावर एक प्रश्न आणि ‘पाचपैकी कोणतेही चार सोडवा’ असं असेल, तर पाचवा घटक न शिकवताही विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळू शकतात. शिक्षकाची तक्रार नाही, विद्यार्थ्याची नाही, निकालही उत्तम. फक्त पुढच्या सत्राच्या शिक्षकाला पहिले दोन आठवडे मागचं शिकवण्यात घालवावे लागतात, आणि मग त्याचाही पाचवा घटक राहतो.

यावरचा उपाय सोपा आहे: ४५ तासांच्या विषयाचा आराखडा ३६ तासांचा करायचा. १३ आठवड्यांचे ३९ तास मिळाले तर ३ तास उजळणीला हाताशी राहतात. पुढच्या विषयाला जे लागतं ते तिसऱ्या-चौथ्या घटकात आणायचं आणि शेवटी असं काही ठेवायचं जे थोडं आखडलं तरी इमारत पडणार नाही. आणि प्रश्नपत्रिकेतला पर्याय घटकांमध्ये न देता घटकाच्या आत द्यायचा.

प्रात्यक्षिकाचा हिशेब वेगळा करावा लागतो. वर्गात ६० विद्यार्थी आणि प्रयोगशाळेत २० संगणक असतील तर तीन तुकड्या पडतात. विद्यार्थ्याला आठवड्याला २ तास, पण शिक्षकाला ६. तात्त्विकाचे ३ धरले तर चार क्रेडिटच्या या एका विषयासाठी आठवड्याला ९ तासांचा शिक्षक लागतो आणि प्रयोगशाळा ६ तास अडकते. प्रस्तावात ‘उपलब्ध साधनसामग्री पुरेशी आहे’ असं एक वाक्य असतं. ते मान्य करू नका. चालू वेळापत्रक मागवा आणि हे ६ तास कुठे बसतात ते दाखवायला सांगा.

मग विद्यार्थ्याच्या बाजूने मोजा. एका क्रेडिटला एकूण ३० तास मेहनत धरली, तर चार क्रेडिटला १२०. त्यातले ७५ वर्गात आणि प्रयोगशाळेत गेले. उरले ४५. प्रस्तावात दोन गृहपाठ आहेत, प्रत्येकी ६ तास: १२. प्रात्यक्षिकांच्या दहा नोंदी, प्रत्येकी दीड तास: १५. चाचणीची तयारी ८, सत्रान्त परीक्षेची २०. झाले ५५. आठवड्याला एक तास वाचनाचा धरला तर १५ आठवड्यांचे १५, एकूण ७०. एका विषयात २५ तास जास्त भरले. सत्रात असे पाच विषय असले तर १२५ तास, म्हणजे आठवड्याला आठ तासांहून अधिक ज्यादा काम. हे तास कुठल्याच कागदावर दिसत नाहीत. विद्यार्थी नोंदी एकमेकांच्या उतरवतात आणि वाचन सोडून देतात, मग मंडळ अप्रामाणिकपणावर चर्चा करतं. आधी तास कमी करा. नोंदी दहाच्या सहा केल्या तरी विषयाचं काही बिघडत नाही.

क्रेडिट म्हणजे किती तास, हे जगभर एकसारखं नाही, आणि बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याची क्रेडिट मान्य करताना इथे हमखास गोंधळ होतो. युरोपातल्या पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० आणि एका क्रेडिटला १० तास. भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि १,२०० तास, म्हणजे एकाला ३०. अमेरिकेत आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेर, असं सुमारे १५ आठवडे. यांची नुसती संख्या समोरासमोर ठेवली की अन्याय होतो. आधी बघायचं, की ही क्रेडिट तिथल्या पूर्ण वर्षाचा कितवा हिस्सा आहेत. ब्रिटनची २० क्रेडिट म्हणजे वर्षाचा सहावा हिस्सा, युरोपच्या मोजणीत १०. मग आपल्या वर्षाचा तेवढाच हिस्सा धरायचा, आणि आशय जुळतो का हे वेगळं तपासायचं. पहिलं काम कार्यालय करू शकतं, दुसरं विषयाच्या शिक्षकानेच करायचं.

तासांवरून शिक्षण मोजण्याची ही पद्धत अमेरिकेत रुळली ती १९०६ च्या सुमारास, कार्नेगी प्रतिष्ठानच्या प्राध्यापकांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेमुळे. योजनेत यायचं तर प्रवेशाचे निकष ठरावीक एककात सांगा, अशी अट होती, म्हणून संस्थांनी ते एकक स्वीकारलं. मुळात हे माप कारभाराच्या सोयीचं आहे. वर्गात किती काळ बसलो ते त्यातून कळतं. काय आलं ते कळायला दुसरं काहीतरी लागतं.

‘समजेल’ हे क्रियापद

ते दुसरं काहीतरी म्हणजे अध्ययन निष्पत्ती, विषय शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं हे सांगणारी विधानं. अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेविषयीच्या १९८९ च्या वॉशिंग्टन करारानंतर अभियांत्रिकी शिक्षणात आणि हळूहळू इतरत्रही निष्पत्ती लिहिणं सक्तीचं होत गेलं. सक्ती आली आणि नक्कलही आली. ‘विद्यार्थ्याला मूलभूत संकल्पना समजतील’, ‘विषयाची जाण विकसित होईल’ ही वाक्यं कुठल्याही विषयाखाली चालतात. त्यांचा उपयोग शून्य, कारण समजलं की नाही हे बघायचं कसं ते त्यात नाही. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६ च्या वर्गीकरणाचा आणि २००१ मध्ये सुधारलेल्या त्याच्या पायऱ्यांचा तक्ता बहुतेक विभागांत असतो: आठवणे, समजणे, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. तक्त्यातून क्रियापद उचलून वाक्यात बसवलं की काम झालं, असा समज दिसतो.

खरी तपासणी वेगळी आहे आणि तिला वीस मिनिटं लागतात. प्रस्तावातल्या निष्पत्ती एका बाजूला ठेवा, आणि जुन्या विषयाच्या गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या बाजूला. प्रत्येक प्रश्नापुढे तो कुठल्या निष्पत्तीचा ते लिहा. ‘दिलेल्या माहितीसाठी योग्य चाचणी निवडता येईल’ अशी निष्पत्ती आहे आणि तीन वर्षांत प्रश्न फक्त ‘व्याख्या लिहा’ आणि ‘टिपा लिहा’ असे आहेत, तर ती निष्पत्ती कागदापुरतीच आहे. वाक्य बदलून काही होणार नाही, प्रश्नपत्रिकेचा आराखडा बदलावा लागेल. ‘एक माहितीसंच देऊन चाचणी निवडायला लावणारा किमान एक प्रश्न, किमान १० गुण’ असं मूल्यमापनाच्या रकान्यात लिहून घ्या. एका विषयाला पाच-सहा निष्पत्ती पुरतात. बारा असतील तर अर्ध्या तपासल्या जात नाहीत, हे धरूनच चाला.

संपूर्ण पदवीसाठी मग एक मोठा तक्ता करायचा. उभ्या रकान्यांत पदवीच्या निष्पत्ती, आडव्या ओळींत विषय. नुसत्या बरोबरच्या खुणा नकोत, अक्षरं वापरा: ओळख असेल तिथे ‘ओ’, सराव असेल तिथे ‘स’, परीक्षण होत असेल तिथे ‘प’. असा तक्ता वाचायलाही एक रीत आहे. रकाना वरून खाली वाचा. ‘लेखी सादरीकरण’ या रकान्यात आठ ठिकाणी ‘ओ’ आहे आणि ‘प’ कुठेच नाही, म्हणजे सगळे सुरुवात करून देतात आणि शेवट कुणी बघत नाही. मग ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. एखाद्या विषयापुढे सगळे रकाने भरलेले दिसले, तर ती ओळ विचार न करता भरलेली आहे. ती परत पाठवा.

बाण काढून बघा

पूर्वअटींचं मला फार वाटतं, कारण त्यांच्यामुळे विद्यार्थ्याचं आख्खं वर्ष जातं. मोठ्या कागदावर सगळे विषय सत्रवार मांडा आणि ‘याआधी हे उत्तीर्ण हवं’ असा प्रत्येक बाण काढा. गणित एक, गणित दोन, संख्याशास्त्र, अनुमानशास्त्र, प्रकल्प अशी दुसऱ्या सत्रापासून सहाव्यापर्यंत जाणारी पाच सत्रांची साखळी सहा सत्रांच्या पदवीत दिसली की थांबा. यातला प्रत्येक विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर गणित दोनमध्ये नापास झालेल्या विद्यार्थ्याला तो विषय पुन्हा वर्षानेच मिळतो आणि साखळीतलं सगळं वर्षभर मागे सरकतं. सहा सत्रांची पदवी आठ सत्रांची होते. एक पेपर राहिला म्हणून दोन सत्रं.

सोडवायचे मार्ग आहेत. साखळीच्या सुरुवातीचा विषय दोन्ही सत्रांत शिकवायचा. किंवा ‘उत्तीर्ण’ ऐवजी ‘सत्र पूर्ण करून परीक्षेला बसलेला’ इतकी अट ठेवायची. किंवा अट खरोखर लागते का ते विचारायचं. पुष्कळ पूर्वअटी सवयीने घातलेल्या असतात. प्रस्ताव मांडणाऱ्याला सांगा, की आधीच्या विषयातले नेमके कोणते तीन मुद्दे तुमच्या पहिल्या महिन्यात लागतात ते लिहा. तीन मुद्दे सांगता येत नसतील तर ती अट काढा. उलट प्रकारही असतो: अट लिहिलेलीच नाही, पण दुसऱ्या आठवड्यात गणितातले सारणिक (डिटर्मिनंट) लागतात. अशी लपलेली अट लिहिलेल्या अटीपेक्षा वाईट, कारण विद्यार्थी तयारीशिवाय वर्गात बसतो आणि दोष स्वतःला देतो.

विषयांची पुनरावृत्ती हा नाजूक मामला. ‘माहिती विश्लेषण’ नावाचा पहिला विषय तीन विभागांत तीन प्रकारे शिकवला जातो, आणि तिघांनाही तो आपल्याकडेच हवा असतो, कारण विद्यार्थीसंख्येवर विभागातली पदं अवलंबून असतात. ही कारणं बैठकीत कुणी बोलत नाही, चर्चा आशयाच्या भाषेत होते. अध्यक्षांनी ते उघड करावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं: विषय एकत्र केला तर कार्यभार कसा वाटायचा हे आधी ठरवा, आशयावर मग बोला. पोटापाण्याची भीती मिटली की तीन विभाग एका अभ्यासक्रमावर लवकर येतात. नाहीच आले, तर निदान एवढं लिहून घ्या की विद्यार्थ्याला या तिघांपैकी एकाचीच क्रेडिट मिळतील.

पदवीची एकूण क्रेडिट ठरलेली असतात, म्हणून नवा विषय आला की कुठला जाणार हे त्याच प्रस्तावात हवं. ‘ऐच्छिक म्हणून ठेवू’ ही पळवाट आहे. ऐच्छिकांची यादी लांबते, प्रत्येकात सात-आठ विद्यार्थी उरतात आणि सक्तीच्या विषयांना शिक्षक कमी पडतात.

किरकोळ बदलांची पद्धत बहुतेक ठिकाणी चांगली असते: संदर्भग्रंथ बदलला, घटकाची फेररचना केली तर लांब प्रक्रिया नको. अशा गोष्टी एकत्र करून एका ठरावात मंजूर कराव्यात, मात्र कुणाही एका सभासदाने मागितल्यास त्यातला विषय चर्चेला बाहेर काढता यावा. धोका साचण्याचा आहे. २० टक्क्यांपर्यंतचा बदल ‘किरकोळ’ धरला आणि लागोपाठ तीन वर्षं तसा बदल झाला, तर मूळ आशयातला ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे साधारण ५१ टक्केच उरू शकतो. अर्धा विषय बदलला आणि त्यावर पूर्ण चर्चा एकदाही झाली नाही. म्हणून बदलाचं प्रमाण मागच्या वर्षीच्या प्रतीशी न मोजता शेवटच्या पूर्ण मंजुरीच्या प्रतीशी मोजायचं. त्यासाठी ती प्रत तारीख घालून जपलेली हवी.

नियमांची भाषा

अभ्यासक्रमापेक्षा नियमावलीकडे कमी लक्ष जातं, कारण ती कंटाळवाणी असते. पण विद्यार्थी नापास होतो तो पुष्कळदा तिच्यातल्या एका न लिहिलेल्या शब्दामुळे.

अपूर्णांकाचं घ्या. अंतर्गत ३० गुण, लेखी ७०, उत्तीर्णतेला एकूण ४०. विद्यार्थ्याला अंतर्गत ११.५ आणि लेखी २७.५ मिळाले. बेरीज ३९, नापास. पण दोन्ही भाग आधी वेगवेगळे पूर्णांकात नेले तर १२ आणि २८, बेरीज ४०, पास. दोन्ही भागांत स्वतंत्र ४० टक्क्यांची अट असेल तर चित्र आणखी तीव्र होतं: ३० चे ४० टक्के १२ आणि ७० चे २८. म्हणजे पूर्णांकात नेलं तर दोन्हीत पास, नाही नेलं तर दोन्हीत नापास. नियमात फक्त ‘अर्धा किंवा अधिक अपूर्णांक पुढच्या पूर्णांकात धरावा’ असं लिहिलेलं असतं. कोणत्या टप्प्यावर, ते लिहिलेलं नसतं. मग दोन विभागांत दोन रीती पडतात आणि एकाच उत्तरपत्रिकेचे दोन निकाल संभवतात.

हजेरीचंही तसंच. ‘७५ टक्के उपस्थिती’ म्हणजे कशाच्या ७५ टक्के? वरच्याच विषयात नियोजित तास ४५ आणि प्रत्यक्ष झालेले ३९. नियोजितांच्या हिशेबाने ३४ तास हवेत, झालेल्यांच्या हिशेबाने ३०. ३१ तास बसलेला विद्यार्थी एका वाचनात परीक्षेला पात्र आहे, दुसऱ्यात नाही. तास शिक्षकाने घेतले नाहीत आणि शिक्षा विद्यार्थ्याला, असं होऊ नये म्हणून ‘प्रत्यक्ष झालेल्या तासिकांच्या’ हे शब्द नियमात हवेत.

सरासरीही तपासा. चार क्रेडिटच्या विषयात ७ आणि दोन क्रेडिटच्या विषयात ९ श्रेणीगुण असतील, तर क्रेडिटच्या वजनाने सरासरी ४६ भागिले ६, म्हणजे ७.६७. साधी सरासरी ८. विषय पुन्हा दिला तर जुना गुण धरायचा, नवा धरायचा की जास्त असेल तो, हेही लिहिलेलं हवं. प्रत्येक गुणविषयक नियमाखाली अंकांसकट एक सोडवलेलं उदाहरण जोडा. उदाहरण सोडवायला बसलं की गाळलेला शब्द आपोआप सापडतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल सगळीकडे घाईने नियम होताहेत. सरसकट बंदी किंवा सरसकट परवानगी दोन्ही टिकत नाहीत. कोणत्या कामात काय चालेल हे त्या त्या गृहपाठाच्या सूचनेत लिहायचं, आणि नियमावलीत एवढंच ठेवायचं की सूचना लेखी हवी, वापर केल्यास सांगायला हवं, आणि ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा निष्कर्ष एकटा पुरावा म्हणून चालणार नाही. ती साधनं चुकतात, आणि स्वतः लिहिलेल्या विद्यार्थ्याला ते सिद्ध करता येत नाही.

अपवादाच्या अर्जांची एक वही ठेवा. तारीख, कोणता नियम, काय मागितलं, काय दिलं, कारण. नाव नको. वर्षातून एकदा ती विद्या परिषदेपुढे ठेवा. एकाच नियमातून सात जणांना सूट दिली गेली असेल, तर नियम बदलायची वेळ आली आहे. तो तसाच ठेवला तर अर्ज करायचं ठाऊक असलेल्याला सूट मिळते आणि ठाऊक नसलेला मुकाट भोगतो.

मधल्या तुकडीचं काय

अंमलबजावणीची तारीख ही सगळ्यात जास्त नडणारी ओळ. ‘पुढील शैक्षणिक वर्षापासून लागू’ असं लिहिलं की सगळ्या वर्षांना एकदम लागू झालं. समजा एक विषय तिसऱ्या सत्रातून दुसऱ्यात आणला. ज्यांचं दुसरं सत्र जुन्या रचनेत संपलं ते आता नव्या रचनेच्या तिसऱ्या सत्रात जातात. तो विषय त्यांना कधीच मिळत नाही. उलट, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेला तर तोच विषय दोनदा. हे टाळायला तारीख न लिहिता तुकडी लिहायची: ‘अमुक वर्षी पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांपासून’. मग नवी रचना एकेक वर्ष वर चढत जाते आणि आधीचे विद्यार्थी जुन्यातच पूर्ण होतात.

तरी तीन प्रकारचे विद्यार्थी उरतात: पेपर राहिलेले, खंड पडून परत आलेले, आणि दुसरीकडून बदली होऊन आलेले. प्रत्येकासाठी समकक्षतेचा तक्ता मूळ प्रस्तावासोबतच हवा. जुना दोन क्रेडिटचा विषय बंद झाला आणि नवा चार क्रेडिटचा आला, तर जुन्यात नापास झालेल्याने नवा द्यायचा का, दिला तर क्रेडिट दोन धरायची की चार, जुन्या पेपरची परीक्षा आणखी किती वेळा होणार आणि त्या प्रश्नपत्रिका कोण काढणार? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण तीन वर्षांनी जुना अभ्यासक्रम शिकवलेला शिक्षक सापडत नाही. नाव नको, पण कुठल्या विभागाची जबाबदारी ते लिहून ठेवा.

म्हणून वेळापत्रक उलटं मोजायचं. प्रवेश सुरू होण्याआधी माहितीपुस्तिका हवी, तिच्याआधी विद्या परिषदेची मंजुरी, तिच्याआधी विद्याशाखा, तिच्याआधी मंडळ, आणि मंडळाकडून एकदा परत पाठवण्याइतकी मोकळीक. पुस्तकं आणि सॉफ्टवेअर खरेदीलाही महिने लागतात. वर्षभर आधी सुरुवात केली तर नीट होतं. त्यापेक्षा उशिरा आलेला मोठा बदल एक वर्ष पुढे ढकलावा, कितीही आग्रह झाला तरी. आणि गुण, हजेरी, उत्तीर्णता यांतला कुठलाही बदल ऐनवेळच्या विषयांत घेऊ नये. आधी न वाचलेल्या कागदावर मत देताना चांगला सभासदही चुकतो.

ठराव इतिवृत्तात कसा लिहिला जातो यावर बाकी सगळं टिकतं. ‘चर्चेअंती मंजूर’ या दोन शब्दांतून पाच वर्षांनी काही कळत नाही. डाव्या रकान्यात जुना मजकूर, उजव्यात नवा, खाली कारणाची दोन वाक्यं, कुणी विरोध केला असेल तर त्याचं कारण, कोणत्या तुकडीपासून लागू, समकक्षतेच्या तक्त्याचा क्रमांक. प्रस्ताव मांडणाऱ्याने माहिती द्यावी, प्रश्नांना उत्तरं द्यावीत आणि मतदानाच्या वेळी बाजूला व्हावं, आणि तसं झाल्याचीही नोंद असावी. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना हा मजकूर मोठ्याने वाचावा, कारण ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ टंकलं गेलं तरी अट बदलते.

मंजुरीनंतर तोच मजकूर चार ठिकाणी पोचायचा असतो: संकेतस्थळ, माहितीपुस्तिका, वेळापत्रक आणि परीक्षा विभागाचं सॉफ्टवेअर. शेवटच्या ठिकाणी सगळ्यात जास्त घोळ होतो. ठरावात क्रेडिट तीन अधिक एक असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये जुनी चार तशीच राहतात, प्रात्यक्षिकाचं वेगळं शीर्षकच तयार होत नाही. पहिला निकाल लागेपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही. सत्र सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात एका खोट्या विद्यार्थ्याची नोंद करून, त्याला ११.५ आणि २७.५ गुण घालून गुणपत्रिका काढून बघावी, आणि हे काम कोणत्या पदावरच्या व्यक्तीने करायचं ते त्याच ठरावाखाली लिहावं.